शेजाऱ्याचे हात

१

तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांच्या हातात कानस देऊन "हळू घासा बाबांनो, लोखंड पळून जात नाही" असं सांगणारा माणूस रिटायर झाल्यावर काय करतो? बायकोच्या स्वयंपाकघरातले डबे नीट लावायला जातो आणि बोलणी खातो. व्यंकट बिरादारनं दोन महिने हेच केलं. तिसऱ्या महिन्यात रेवणप्पा घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "उज्वला, ह्याला म्या घेऊन चाललो. लोखंडाचा माणूस लोखंडातच बरा."

तेव्हापासून व्यंकटचा रविवार ठरून गेला. नऊला स्कूटर काढायची, डिकीत ग्रीसचा डबा, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि भाकरी-चटणी. लातुरातल्या क्लासच्या बोर्डांची रांग संपली की एक दगडी कमान लागायची. आत बंद पडून पंचवीस वर्षं झालेली कापसाची जिनिंग. कुण्या ट्रस्टनं ती घेऊन जुन्या यंत्रांचं संग्रहालय मांडायला काढलं होतं. पगार नाही, हजेरी नाही, साहेब नाही. पुण्याहून इंजिनियर होऊन परत आलेली मंजुश्री सगळं बघायची आणि सगळ्यांना काका म्हणायची. पोस्टातून रिटायर झालेला आनंदराज होता, त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं पण पितळ पुसायची भारी हौस. आणि रेवणप्पा. तो याच जिनिंगमध्ये तरुणपणी कामाला होता, म्हणून तो सगळ्यांचा गुरुजी.

सरकी काढायच्या आठ मशिनी एका रांगेत. त्यातल्या तीन, पाच आणि सात नंबरच्या दुरुस्त होऊ शकल्या, बाकीच्यांची नुसती हाडं उभी होती. इंजिन भिंतीपलीकडच्या खोलीत. मधल्या भिंतीला एकच खिडकी, तीही डोक्याच्या वर. इंजिनवाल्याला मशिनी दिसत नाहीत आणि मशीनवाल्यांना इंजिन. इंजिन आधी मोकळं फिरायचं. दांडा ओढला की पट्टा सरकायचा आणि जोडलेल्या सगळ्या मशिनी एकदम चालू.

म्हणून इथली एक जुनी रीत होती, आणि रेवणप्पानं ती जशीच्या तशी परत चालू केली होती. इंजिनवाला खिडकीतून नंबर पुकारणार. ज्याचा नंबर त्यानं "हाव", म्हणजे हो, म्हणायचं आणि दोन्ही हात डोक्यावर धरायचे. हात इंजिनवाल्याला दिसत नाहीत, ते शेजाऱ्यानं बघायचे. सातचे हात सहानं, सहाचे पाचनं. शेवटचा हाव आला की दांडा.

"शेजाऱ्याचे हात शेजाऱ्यानं बगायचे," रेवणप्पा बघायला आलेल्या क्लासच्या पोरांना सांगायचा. "हितं तेच इमान व्हतं."

"सर, हे परीक्षेला येतं का?" पोरं विचारायची.

२

सात नंबरची मशीन व्यंकटनं मागून घेतली होती. त्याचा थोरला भाऊ दयानंद तिच्यावर होता, आणि तिच्यापायीच गेला.

चाळीस वर्षं झाली. व्यंकट तेव्हा नांदेडला आयटीआय शिकत होता. निरोप मिळून तो लातूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत मशीनमध्ये गेले होते आणि दवाखान्याच्या वाटेवरच दयानंदनं जीव सोडला होता. असे अपघात जिनिंगमध्ये होत असत, कुणी त्याची कादंबरी करत नसे. पण या अपघातात एक जबानी होती. सहा नंबरवरच्या माणसानं लिहून दिलं होतं, की दयानंदनं स्वतःच्या तोंडानं हाव म्हटलं, दोन्ही हात वर करून दाखवले, आणि मशीन चालू झाल्यावर ते आत घातले.

म्हणजे त्यानं मुद्दाम घातले.

त्या सकाळी आईचं आणि दयानंदचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला हैदराबादला जायचं होतं, आईला ते नको होतं. आईची, केवळाबाईची, जीभ तेव्हा सगळ्या गल्लीत प्रसिद्ध. ती म्हणाली होती, "जा, पुन्हा तोंड दाखवू नको." तो गेला, आणि त्यानं ऐकलं.

केवळाबाई आज पंच्याऐंशीची आहे. चाळीस वर्षांत ती कुणालाही 'जा' म्हणालेली नाही. व्यंकट घराबाहेर पडला की म्हणते, "ये रे बाळा." भिकाऱ्यालाही "ये" म्हणूनच वाटेला लावते. दयानंदचा फोटो तिनं भिंतीला लागू दिला नाही. मारणाऱ्यानं मेलेल्याचा फोटो लावू नये, असं ती एकदाच बोलली.

सहा नंबरवरचा तो माणूस म्हणजे रेवणप्पा. दयानंदचा जिवलग. दयानंद गेल्यावर त्यानं या घराची पोराच्या मायेनं काळजी घेतली. व्यंकटची नोकरी लागेपर्यंत दर सोमवारी कपाळाला विभूती लावून देवळातून सरळ यांच्याकडे यायचा. केवळाबाईला मावशी म्हणायचा, आणि व्यंकट त्याला अण्णा. महिना-दोन महिन्यांनी ती त्याला तोच प्रश्न विचारायची.

"रेवण्या, खरं सांग. त्यानं हात दाखवले व्हते का रे?"

"हाव मावशी. म्या सोता पाह्यले."

एवढं ऐकून ती मान हलवायची आणि आत जायची. व्यंकटला वाटायचं, खोटं का होईना, 'नव्हते दाखवले' म्हणायला याचं काय जातं? पण मग वाटायचं, माणूस इमानी आहे, खोटं बोलवत नाही त्याला. आणि त्याचा आदर आणखी वाढायचा.

३

सात नंबर बसवायला व्यंकटला आठ महिने लागले. पुढच्या रविवारी पहिली चाचणी. तीनवर आनंदराज, पाचवर मंजुश्री, सातवर व्यंकट. मधल्या मशिनींवर कुणी नाही. सहा नंबरचा तर रोलरही काढून ठेवलेला.

"तीन?" भिंतीपलीकडून रेवणप्पाची आरोळी आली.

"हाव!" आनंदराज इतक्या जोरात ओरडला की मंजुश्रीला हसू आलं.

"पाच?"

"हाव!"

"सात?"

व्यंकटनं तोंड उघडलं, आणि त्याच्या आधीच "हाव" आला.

दांडा पडला, पट्टा सरकला, मशिनी धडधडत चालू झाल्या. रोलरवरून रुई सुटायला लागली, खाली सरकी टपटपली. मंजुश्रीनं टाळ्या वाजवल्या. व्यंकटचे हात डोक्यावर तसेच राहिले होते आणि तोंडही उघडंच होतं.

त्यानं मनाशी म्हटलं, मीच बोललो असेन. साठीचा माणूस. चष्मा डोळ्यावर असताना घरभर शोधतो, तो आपण बोललो की नाही हे कुठलं लक्षात ठेवणार!

दुसऱ्या चाचणीला त्यानं दात दातावर दाबून ठेवले. "सात?" झालं, आणि डावीकडून, फार तर दोन हातांवरून, तरुण माणसाचा मोकळा आवाज आला. "हाव." सुरुवातीला जरा खाली घसरून वर जाणारा.

आनंदराजनं मागं वळून बघितलंही नाही. त्याला सात नंबरचा हाव ऐकू आला होता, सात नंबरवर व्यंकट उभा होता. त्यात नवल ते काय?

४

आता शहाण्या माणसानं काय करायला पाहिजे होतं, हे आपण घरी बसून सांगू शकतो. व्यंकट शहाणाच होता. त्यानं भिंतीला कान लावून बघितला, खिडकीतून आवाज घुमतो का ते बघितलं, छताचे पत्रे तपासले. पुढच्या रविवारी त्यानं चक्क तोंडात सुपारी धरली. तरीही हाव आला.

मग त्यानं तपास सोडून दिला. कारण त्याला भीती वाटत नव्हती, आनंद वाटत होता. सात नंबर दादाचा. सात पुकारला की दादाच बोलणार, भाऊ मागाहून येऊन उभा राहिला म्हणून काय झालं! रविवार यायच्या आधी दोन दिवस त्याला झोप येईना. सात नंबरचं पितळ तो इतकं घासायला लागला की आनंदराजला हेवा वाटला.

त्यानं ही गोष्ट एकट्या रेवणप्पाला सांगितली.

"अण्णा, दादा हाय तिथं. माझ्याआधी बोलतो त्यो."

रेवणप्पा इंजिनला तेल देत होता. तेल जरा बाहेर सांडलं. "असंल बाबा," तो म्हणाला. "असंल." त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं सांडलेलं तेल पुसलं आणि बराच वेळ तेच पुसत राहिला.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आनंद पोटात मावला नाही, म्हणून व्यंकटनं आईलाही सांगितलं. वाटलं, म्हातारीला बरं वाटेल.

"काय म्हणतो त्यो?" केवळाबाईनं विचारलं.

"हाव म्हणतो, माय."

ती भिंतीला टेकली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज मात्र नाही. "म्हंजी खरंच म्हणला व्हता की रे," ती म्हणाली. "मला वाटायचं, रेवण्याला ऐकण्यात चूक झाली असंल. चाळीस वर्सं तेवढी एक आस व्हती मला."

व्यंकटला आपलीच जीभ तोडून टाकावीशी वाटली.

५

निदान तिनं आवाज तरी ऐकावा, म्हणून त्यानं मोबाईल सात नंबरच्या चौकटीवर ठेवून तो टिपला. रेवणप्पाची आरोळी, मग दादाचा हाव, मग मशीनची धडधड. घरी आल्यावर आईच्या कानाला लावला.

केवळाबाईनं तीनदा ऐकला. चौथ्यांदा मोबाईल स्वतःच्या हातात घेतला.

"ह्यो माझा दया न्हाई," ती म्हणाली.

"माय, चाळीस वर्सं झाली..."

"जलमला तवापासून त्याचा आवाज ऐकून राहिले म्या. ह्यो त्यो न्हाई." तिनं मोबाईल परत केला. "पर वळखीचा हाय. घरातलाच कोनतरी वाटतो बग."

दुसऱ्या दिवशी सोमवार. संग्रहालय बंद असतं, पण व्यंकटला घरात बसवेना म्हणून तो दुपारी गेला. इंजिनघराचं दार उघडं होतं, रेवणप्पाच्या चपला बाहेर. इंजिन बंद. सगळ्या आवारात एक आवाज नाही, फक्त रस्त्यावरचे ऑटो लांबून ऐकू यायचे. व्यंकट मशिनींच्या हॉलमध्ये सात नंबरपाशी जाऊन बसला. जरा वेळानं त्यानं खिडकीकडे तोंड करून विचारलं,

"अण्णा, चहा सांगू का?"

"हाव," भिंतीपलीकडून आवाज आला.

सुरुवातीला जरा खाली घसरून वर जाणारा.

माणसाचा आवाज आपण कधी नुसता ऐकत नाही, चेहऱ्यासकट ऐकतो. आणि नंबर पुकारताना रेवणप्पा ओरडायचा. ओरडणाऱ्याचा आवाज कुणाचाच नसतो. आज मध्ये भिंत होती, चेहरा नव्हता, आरोळी नव्हती. व्यंकटनं खिशातून मोबाईल काढला आणि टिपलेलं पुन्हा ऐकलं. तोच. फक्त चाळीस वर्षं तरुण.

सात नंबरचा हाव सात नंबरवरच्यानं दिला नव्हता. तो सहा नंबरवरून येत होता.

६

चहा आला नाही. व्यंकट इंजिनघरात गेला आणि त्यानं मोबाईल तेलाच्या डब्यावर ठेवून चालू केला. 'सात?' 'हाव.'

रेवणप्पानं तो ऐकून घेतला. मग इंजिनच्या चौथऱ्यावर बसला.

"पयल्याच दिवशी वळखला म्या," तो म्हणाला. "सोताचा आवाज कोन वळखत न्हाई?"

"मग बोलला कामून न्हाईस? म्या तुला म्हणलो ना, दादा हाय म्हणून!"

"तू लई खुश दिसत व्हतास रे, येंकट."

व्यंकटनं भिंतीला हात टेकवला. बाकीचं त्याला विचारावं लागलं नाही, चाळीस वर्षं साठलेलं आपणहून बाहेर पडलं. तेव्हा सगळे तसंच करायचे. कुणी बिडीला गेला, कुणी चहाला गेला, तर शेजारी त्याचा हाव द्यायचा. नाहीतर सगळं काम अडायचं आणि मुकादम आई-बहीण काढायचा. त्यालाच दोस्ती म्हणायचे. त्या दिवशी सात पुकारला, दया जागेवर दिसला नाही. रेवणप्पाला वाटलं, घरून भांडून आलाय, बाहेर बिडी ओढत बसला असेल. त्यानं हाव दिला.

"अन् दादा?"

"खाली बसून रोलरात अडकलेला कापूस काढून राहिला व्हता. मशीनच्या आड व्हता. मला दिसला न्हाई." रेवणप्पा टॉवेलचा कोपरा पिळत होता. "दोन पावलं पुढं जाऊन पाह्यलं असतं तर दिसला असता. म्या गेलो न्हाई."

"तू हात पाह्यलेच न्हाईत?"

"न्हाई."

चूक होती. व्यंकट फिटर होता, चूक त्याला समजत होती. दोन पावलं न टाकण्याची चूक कुणाच्याही हातून होते. पण जबानी ही चूक नव्हती. दर महिना-दोन महिन्यांनी त्या बाईच्या समोर बसून, तिच्या हातचा चहा पिऊन, 'म्या सोता पाह्यले' म्हणणं ही चूक नव्हती. त्याला अण्णा म्हटल्याची लाज वाटली. ज्या माणसाला आपण भावाच्या जागी बसवलं, त्यानंच भावाची जागा रिकामी केली होती, आणि वर आईला सांगितलं होतं की तूच ती केलीस.

"माझ्यासंगं चल," तो म्हणाला. "आत्ता. मायला सांग."

"सांगतो. आईच्यान सांगतो," रेवणप्पानं त्याचे दोन्ही हात धरले. "पर दसऱ्याला उद्घाटन हाय. नातवंडं येनार, पावनेरावळे येनार. तेवढं होऊ दे. त्याच दिवशी संध्याकाळी येतो अन् मावशीच्या पायावर डोकं ठेवून सांगतो. तू काय बोलू नको, मला सांगू दे. चाळीस वर्सं थांबलास, पंधरा दिवस थांब."

चाळीस वर्षं मी थांबलो नव्हतो, मला थांबवलं होतं, हे व्यंकटला घरी आल्यावर सुचलं. पण तोवर तो हो म्हणून बसला होता. आईला त्यानं इतकंच सांगितलं, "दसऱ्याला संध्याकाळी अण्णा येनार हाय. तुला कायतरी सांगायचं म्हणतो." ती म्हणाली, "ये म्हण त्याला."

७

त्यानंतरचे दोन रविवार चमत्कारिक गेले, म्हणजे काहीच चमत्कारिक झालं नाही. "सात?" झाल्यावर हॉलमध्ये शांतता. इंजिनची पुकपुक तेवढी. व्यंकट वाट बघत उभा राहिला आणि कुणीच बोललं नाही. पलीकडून पुन्हा "सात?" आलं तेव्हा त्याला स्वतः "हाव" म्हणावं लागलं. त्याचा घोगरा, साठीचा आवाज ऐकून मंजुश्री म्हणाली, "काका, घसा बसलाय का? आधी किती छान म्हणायचात!"

पुढच्या वेळीही तेच. व्यंकटनं त्याचा अर्थ त्याच्या परीनं लावला. खरं बोललं गेलं, खोटा हाव संपला. ढिला नट आवळला की खडखड थांबते. आईला सांगून झालं की उरलंसुरलंही मिटेल. त्याला रेवणप्पाची कीवही यायला लागली. चाळीस वर्षं ते पोटात घेऊन जगला, त्यालाही काय कमी भोगावं लागलं असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. व्यंकट असा होता. फसवलेला माणूस आधी फसवणाऱ्याचीच बाजू घेऊन बघतो.

दसऱ्याच्या सकाळी निघताना केवळाबाई दारात येऊन बसली होती. नवं लुगडं नेसली होती. "ये रे बाळा," ती म्हणाली. "अन् त्यालाबी घेऊन ये."

८

उद्घाटनाला माणसं खच्चून आली होती. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली, त्यामुळे प्रत्येक मशीनला झेंडूची माळ आणि हळदीकुंकवाची बोटं. मशिनींच्या तोंडात नवा कापूस भरलेला. दोरीच्या पलीकडे खुर्च्या. पहिल्या रांगेत रेवणप्पाची सून, लेकी, नातवंडं. रेवणप्पाला शाल मिळाली, फेटा मिळाला. मंजुश्रीनं त्याच्या हातात माईक दिला आणि म्हणाली, "काका, त्या हात दाखवायच्या रीतीबद्दल सांगा ना."

तो सांगायला लागला. चांगला बोलायचा. इंजिनवाला कसा पुकारायचा, हाव कसा द्यायचा, शेजाऱ्याचे हात शेजाऱ्यानं कसे बघायचे. लोक तल्लीन झाले. मग त्यातल्या एका पाव्हण्यानं विचारलं, "अन् तरीबी कदी अपघात झाला का न्हाई हो?"

रेवणप्पानं पहिल्या रांगेकडे बघितलं. मग सात नंबरकडे. व्यंकट तिथं उभा होता. दोघांची नजर भेटली, आणि व्यंकटनं मानेनं हळूच खुणावलं. बोल, अण्णा. इथंच बोलून टाक.

"एकच झाला," रेवणप्पा म्हणाला. "माझा दोस्त व्हता, दयानंद. त्यानं हाव म्हणलं, हात वर करून दाखवले, म्या ह्या डोळ्यानं पाह्यले. अन् मग सोता आत घातले. ज्याला जगायचंच न्हाई, त्याला शेजारी काय करनार? आज त्याचा सख्खा भाऊ त्याच मशीनवर हुबा हाय. टाळ्या वाजवा त्याच्यासाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. रेवणप्पानं माईक खाली ठेवला, शाल सावरली आणि व्यंकटकडे न बघता इंजिनघरात गेला.

व्यंकट हॉलमध्ये एकटा पडला, चारशे माणसांसमोर. त्याला कळून चुकलं की संध्याकाळी कुणीही येणार नाही, आणि आला तरी तेच सांगेल. ओरडावं असं त्याला वाटलं, पण टाळ्या अजून चालू होत्या. मग त्यानं ठरवलं. हाव द्यायचाच नाही. सात बोलल्याशिवाय दांडा हलत नाही. रेवणप्पाला इंजिन सोडून या सगळ्यांसमोर बाहेर यावं लागेल, इथपर्यंत चालत यावं लागेल, ती दोन पावलं टाकावी लागतील. आणि मग त्याच्या गचांडीला धरून सगळ्यांसमोर त्याला विचारायचं, दयाचे हात कुठं पाहिलेस, दाखव.

"तीन?"

"हाव!"

"पाच?"

"हाव!"

"सात?"

व्यंकट गप्प राहिला. इंजिन पुकपुकत होतं. शेजारची सहा नंबरची मशीन माळ घालून रिकामी उभी होती. पाच नंबरवर मंजुश्री हात वर धरून लोकांकडे तोंड करून हसत होती.

"सात?" आवाज जरा कापला, असं व्यंकटला वाटलं. बरं वाटलं त्याला. ये आता बाहेर.

तेवढ्यात समोरचा कापूस हलला.

वारा नव्हता. मशीनच्या तोंडातला कापूस मधोमध उसवल्यासारखा बाजूला होत होता. व्यंकट वाकला. रोलर आणि पात्याच्या मधल्या काळोखात, जिथं बोटही जाणार नाही एवढी फट असते हे त्यानंच आठ महिने मापून बसवलं होतं, तिथं दोन तळवे होते. उघडे, समोर धरलेले, बोटं पसरलेली. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी व्यंकटनं मारलेली विटी लागून ती वाकडी झाली होती, आणि दादानं घरी सांगितलं होतं की मी पडलो.

दादा हात दाखवत होता. चाळीस वर्षं दाखवत होता, आणि बघायला शेजारी कुणी नव्हतं.

व्यंकटच्या डोक्यातल्या फिटरनं त्याही वेळी हिशोब केला. पट्टा मोकळ्या चाकावर आहे. सात बोललेला नाही. खोटा हाव पंधरा दिवसांत आलेला नाही. हिशोबात कुठं चूक नव्हती. त्यानं दोन्ही हात कापसात घातले आणि ते हात धरले. ते उबदार होते. त्यांनीही घट्ट धरलं.

"हाव," डावीकडून आवाज आला.

तरुण, मोकळा, सुरुवातीला जरा खाली घसरून वर जाणारा. व्यंकटनं मान वळवली. सहा नंबरवर कुणी नव्हतं. मंजुश्री लोकांकडेच बघत होती. आनंदराज समोर बघत होता. सात नंबरचा हाव सगळ्यांना ऐकू आला होता.

भिंतीपलीकडे दांडा पडला. पट्टा सरकायला लागला की जो ओला, घासत येणारा आवाज होतो, तो ओळखायला त्यानं तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. हात सुटेनात. कुणी कुणाला धरलंय तेच त्याला कळेना.

त्याला फक्त दार दिसलं, आणि नवं लुगडं नेसून दारात बसलेली आई. संध्याकाळी अण्णा येईल. चपला बाहेर काढून तिच्यापाशी बसेल. ती विचारेल, आणि या खेपेला त्याला खोटं बोलावं लागणार नाही, कारण त्यानं ते खरंच ऐकलं असेल.

"हाव मावशी. त्यो सोताच बोलला."